बटण लपवा, पण खूण लपवू नका: घरी बनवलेल्या स्पीकरला छुपा टच स्विच

सोल्डर हातात घेऊन पॉडकास्ट पुन्हा पुन्हा मागे घेणं किती वैतागवाणं असतं, हे मला माहितीये. म्हणून या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ तेवढे काढून टाकलेत.

आधी थोडी गोष्ट सांगतो, कारण सगळा धडा त्या गोष्टीतच आहे. आजोबांसाठी मी एक छोटा स्पीकर बनवला होता. जुन्या खोक्याचं प्लायवूड, ५ व्होल्टवर चालणारा पीएएम ८४०३ ॲम्प्लिफायर, एक ब्लूटूथ बोर्ड आणि मोबाईलचा जुना २ अँपिअरचा चार्जर. आवाज छान. पण मागे बसवलेला सरकवायचा स्विच नखाएवढा होता. आजोबांचा हात थरथरतो आणि नजरही अधू झालीये. तो स्विच काही त्यांना सापडायचा नाही. मग स्पीकर रात्रभर चालूच. गाणं ऐकायचं असलं की कुणाला तरी हाक मारायची. त्यांना तेच नको होतं. एकदा म्हणाले, “अरे, रेडिओ लावायला पण आता तुमची परवानगी लागते बघ.”

हे ऐकल्यावर मी ठरवलं की टच स्विच बसवायचा, आणि तोही लाकडाच्या आत. वरून काहीच दिसणार नाही, नुसता हात लावला की सुरू!

लाकडातून बोट कळतं कसं?

यात जादू काहीच नाही. तुमच्या फोनची स्क्रीन ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व इथेही आहे. तांब्याची एक छोटी चकती असते. तिची आणि आजूबाजूच्या वस्तूंची मिळून थोडीशी धारिता, म्हणजे कपॅसिटन्स असते. आपलं शरीर विजेच्या दृष्टीने पाण्यामिठाचं पोतं. बोट जवळ आलं की ही धारिता किंचित वाढते, अगदी काही पिकोफॅरड. चिप ही वाढ सतत मोजत असते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाढली की ‘स्पर्श झाला’ असं ती ठरवते.

ऑडिओशी या तत्त्वाचं नातं जुनं आहे बरं का. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह तेरमेन या शास्त्रज्ञाने थेरेमिन नावाचं वाद्य बनवलं. ते हात न लावता वाजतं. एका अँटेनाजवळ हात नेला की सूर बदलतो, दुसऱ्याजवळ नेला की आवाज कमीजास्त होतो. तिथेही काम करते ती हाताची धारिताच.

आता लाकूड मध्ये कसं चालतं? लाकूड, काच, ॲक्रिलिक हे वीज वाहून नेत नाहीत, पण विद्युतक्षेत्र त्यांच्यातून पलीकडे जातं. धातूचा पत्रा मात्र ते क्षेत्र अडवतो. म्हणून स्टीलच्या डब्यात केलेल्या स्पीकरला हा उपाय चालणार नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हवेची फट ही आपली सगळ्यात मोठी शत्रू. काचेच्या किंवा लाकडाच्या मानाने हवेतून हा परिणाम फार कमजोर पोचतो.

सामान काय लागेल?

टीटीपी २२३ चिपचं तयार टच मॉड्यूल घ्या. नखापेक्षा जरा मोठं असतं, २ ते ५.५ व्होल्टवर चालतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्याला तीनच पिना: प्लस, ग्राउंड आणि आउटपुट. मॉड्यूलवर ए आणि बी अशा दोन छोट्या जागा असतात. काहीच न करता वापरलं तर बोट असेपर्यंतच आउटपुट चालू राहतं. बीच्या जागेवर सोल्डरचा थेंब टाकून ती जोडली की एका स्पर्शाला चालू, पुढच्या स्पर्शाला बंद. आपल्याला हेच हवंय. ए जोडलं की आउटपुट उलटं होतं, ते सध्या सोडून द्या.

हे आउटपुट जेमतेम काही मिलीअँपिअर देऊ शकतं. ॲम्प्लिफायर थेट त्यावर जोडलात तर चिपचे बारा वाजतील. म्हणून मध्ये ५ व्होल्टचं एक चॅनेलचं रिले मॉड्यूल हवं. एच आणि एल असा जंपर असलेलं मिळालं तर उत्तम. तो जंपर एचवर ठेवा.

जोडणी

चार्जरचा प्लस रिलेच्या मधल्या, म्हणजे कॉमन टर्मिनलला. नॉर्मली ओपन टर्मिनलपासून ॲम्प्लिफायरच्या आणि ब्लूटूथ बोर्डाच्या प्लसला. टच मॉड्यूल आणि रिले मॉड्यूल यांना मात्र कायम ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. टचचं आउटपुट रिलेच्या इनपुटला. सगळ्यांचं ग्राउंड एकत्र.

पहिल्यांदा मी इथेच चुकलो. प्लसऐवजी मायनस तोडला. स्विच बंद केला तरी स्पीकर खरखरत राहिला! कारण असं, की आजोबांचा छोटा रेडिओ मी त्याच चार्जरवर घेतला होता आणि ऑक्स केबलने स्पीकरला जोडला होता. ऑक्स केबलच्या बाहेरच्या जाळीतूनही ग्राउंड जोडलेलं असतं. मी एक वाट बंद केली, तर करंटने केबलमधून दुसरी शोधली. म्हणून ऑडिओच्या कामात नेहमी प्लस तोडा, ग्राउंड अखंड ठेवा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: हा सगळा उद्योग चार्जरच्या ५ व्होल्टच्या बाजूलाच करायचा. २३० व्होल्टच्या वायरीला हात लावायचा नाही, चार्जर उघडायचा नाही. जिथे माणूस रोज हात ठेवणार, त्याच्या मागे घरातली लाईट असता कामा नये.

बसवताना

मॉड्यूलची सपाट, गोल खूण असलेली बाजू लाकडाला टेकली पाहिजे. वायरी चिपच्या बाजूने सोल्डर करा आणि सपाट बाजूला वर आलेली टोकं कापून टाका, नाहीतर मध्ये फट राहते. चिकटवायला पातळ दुहेरी टेप वापरा. फोमची जाड टेप नको, कारण फोम म्हणजे बहुतेक हवाच.

साधारण ३ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून किंवा ॲक्रिलिकमधून स्पर्श आरामात कळतो. लाकूड जाड असेल तर आतून पटाशीने खाच पाडून तेवढाच भाग पातळ करा. स्पीकरच्या वायरी आणि धातूची जाळी मॉड्यूलपासून दोन बोटं लांब ठेवा.

कायमचं चिकटवण्याआधी साध्या टेपने लावून तपासा. लाईट दिल्यावर पहिला अर्धा सेकंद हात लांब ठेवा. तेवढ्या वेळात चिप ‘स्पर्श नसताना काय स्थिती असते’ हे मोजून घेते. त्यानंतरही ती अधूनमधून स्वतःला जुळवून घेते, म्हणून पावसाळ्यात लाकूड हळूहळू ओलसर झालं तरी सहसा बिघडत नाही. हात नुसता वरून फिरवला तरी चालू होत असेल, तर चकती आणि ग्राउंड यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर टाका. मॉड्यूलवर त्यासाठी जागा असते. ५० पिकोफॅरडपर्यंत जेवढा मोठा घ्याल, तेवढी संवेदना कमी होते.

पखवाज वाजला की बंद!

बसवून झालं, खुशीत लावलं. अभंग सुरू झाला, पखवाज घुमला आणि स्पीकर बंद. पुन्हा लावला, पुन्हा घुमला, पुन्हा बंद.

झालं असं, की खर्जातल्या ठोक्याला ॲम्प्लिफायर एकदम जास्त करंट ओढतो. वायरी बारीक असल्या की तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो. टच चिपचा हिशोब व्होल्टेजवर चालतो, मग तिची मोजणी चुकते. यावर दोन उपाय. एक, ॲम्प्लिफायरची वायर जाड घ्या आणि त्याच्या प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. दोन, टच मॉड्यूलच्या प्लसमध्ये वन एन ५८१९ हा डायोड घाला, पट्टी मॉड्यूलकडे, आणि त्यानंतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्लस आणि ग्राउंडमध्ये. आता ॲम्प्लिफायरने कितीही ओढलं तरी चिपचं पाणी तिच्या स्वतःच्या हंड्यात राहतं.

खरी चूक मात्र वेगळीच होती

सर्किट झकास चाललं. वरून लाकूड एकदम स्वच्छ. मित्रांना दाखवलं, सगळे खूश. आजोबांसमोर ठेवला, तर ते बिचारे सगळ्या खोक्यावर हात फिरवत बसले. हात फिरवताना चालू झालं, पुढच्याच क्षणी परत लागून बंद झालं. ब्लूटूथ जोडलं जाईपर्यंत आवाज येत नाही, त्यामुळे त्यांना काहीच कळेना. “अरे, झालं का चालू ते?” म्हणजे फिरून हाक मारायची वेळ!

मी स्विच लपवला होता, पण त्याबरोबर त्याची जागाही लपवली होती आणि त्याचं उत्तरही. साध्या बटणाला जागा असते, ते दाबलं की टक् वाजतं, खाली गेलेलं बोटाला कळतं. यातलं काहीच उरलं नव्हतं.

मग दोन बदल केले. मॉड्यूलच्या बरोबर वर, बाहेरून पॉलिश पेपरने घासून बोटाच्या पेराएवढा उथळ खळगा केला. दिसत जवळजवळ नाही, पण बोट आपोआप त्यात जाऊन बसतं. थरथरणारं बोटही तिथे टेकून राहतं, त्यामुळे दोनदा स्पर्श होणं खूप कमी झालं. लाकूड तिथे पातळ झाल्याने संवेदनाही सुधारली. दुसरा बदल रिलेचा. तो मी फोममध्ये गुंडाळला होता, आवाज नको म्हणून. फोम काढला आणि रिले लाकडाला घट्ट स्क्रू केला. आता चालू झालं की खोक्यातून स्वच्छ ‘टक्’ ऐकू येतं.

स्पीकर बॅटरीवर असेल तर रिले परवडत नाही. त्याची कॉइल साधारण ७० मिलीअँपिअर खाते, म्हणजे २००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी एकटा रिलेच दीडेक दिवसाच्या आत संपवेल. तिथे पी-चॅनेल मॉस्फेट लावा. पण मग ‘टक्’ जाईल, त्याच्या बदल्यात छोटा बझर किंवा एलईडी नक्की द्या.

एक फायदा नंतर लक्षात आला. लाईट जाऊन परत आली की हे मॉड्यूल बंद अवस्थेतच सुरू होतं. त्यामुळे रात्री तीनला लाईट आली तरी स्पीकर अचानक बोंबलत नाही.

तर तुम्ही कुणासाठी स्पीकर बनवत असाल, तर टेप सुटायच्या आत एक परीक्षा घ्या. डोळे मिटा आणि लावून बघा. सापडलं का? चालू झालेलं कळलं का? दोन्हीला ‘हो’ आलं, तरच चिकटवा.

आजोबा हल्ली पहाटे उठून स्वतःच लावतात. आधी ‘टक्’, मग थोड्या वेळाने अभंग. मला जाग येते, पण हाक येत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा!