‘जातो’ आणि ‘जाते’

मराठीत ‘मी’ला लिंग नाही, ते क्रियापद सांगते. पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’. म्हणजे आपली ओळख आपण रोजच देत असतो. मग कोणी ‘मला अमुक म्हणा’ असे सांगितले, तर हसू का यावे?

आमच्या कोल्हापूरकडे बायाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्याने त्यांचे बाईपण उणे होत नाही. परका मात्र फसतो.

‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत भेद आहे. ‘तुम्ही आलात’ यात नाही. आदर दिला की भेद गळतो. पण माघारी बोलताना ‘ते आले’ की ‘त्या आल्या’, हे ठरवावेच लागते. ठरवायचे कोणी? तृतीयपंथीयांविषयीच्या खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपले लिंग ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे.

हजेरीपटावर नाव चुकले, तर पगार पुरा मिळूनही कामगार तंटा करतो. तो तंटा मानाचा असतो. ‘तो’ आणि ‘ती’चेही तसेच आहे. कळले नाही, तर विचारावे. सांगितले, तर पाळावे. यात आपल्या खिशातले काही जात नाही.