मीटरवर तीस की दीडपट?

बंगळुरूच्या जयनगरमध्ये चौथ्या ब्लॉकच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडलं, की रिक्षावाला सांगतो, ‘मीटर मेले थर्टी’. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. मीटरवर तीस रुपये जास्त. मागचा म्हणतो, ‘वन अँड हाफ’, म्हणजे दीडपट. यातला स्वस्त कोण?

1 ऑगस्ट 2025 पासून शहरात रिक्षाचं भाडं पहिल्या दोन किलोमीटरना 36 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 18 रुपये आहे. अंतर क्ष किलोमीटर मानू. ते दोनपेक्षा जास्त असेल, तर भाडं 36 + 18(क्ष − 2). कंस सोडवला की छत्तीसला छत्तीस कटतात आणि उरतात नुसते 18क्ष. अंतराला अठराने गुणलं, की मीटरचं भाडं हाती!

आता दोन्ही मागण्या समोरासमोर ठेवू. 18क्ष + 30 = 27क्ष. म्हणजे 9क्ष = 30, आणि क्ष सुमारे 3.33. तीन किलोमीटर जायचं तर दीडपटीने 81 रुपये होतात, वरच्या तिसाने 84. सहा किलोमीटरला मात्र दीडपट 162 वर जाते आणि वर तीस मागणारा 138 मध्ये पोचवतो.

ठाऊक नसलेल्या गोष्टीला आधी नाव द्यायचं आणि मग तिच्याशी ती ठाऊक असल्यासारखा व्यवहार करायचा, ही बीजगणितातली खरी धिटाई. भास्कराचार्य अशा अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जितकं असेल तितकं. एकाहून जास्त अज्ञात असले तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. 1150 च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त एक गणित आहे. एकाजवळ 6 घोडे आणि 300 नाणी, दुसऱ्याजवळ 10 घोडे पण डोक्यावर 100 नाण्यांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? चार घोडे म्हणजे 400 नाणी, एक घोडा 100. कर्जाला ऋण म्हणतात आणि शून्याहून लहान संख्येलाही ऋणच. हा शब्द आजही शाळेत तसाच चालतो.

भास्कराचार्यांचं गाव महाराष्ट्रातलं की कर्नाटकातलं, हा वाद जुना आहे. पण महाराष्ट्रात चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात एक मराठी भागही आहे: बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिल्याची नोंद. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजाराने उचलला, हे वाचून फार बरं वाटतं.

जयनगरच्या त्याच फुटपाथवर तिसरा रिक्षावाला मीटर न टाकता सरळ दीडशे मागतो. 18क्ष = 150, म्हणजे आठ किलोमीटरहून जास्त रस्ता. मोबाईलच्या नकाशात घर पाच किलोमीटरवर दिसतं, आणि पाचाचे होतात नव्वद.