जुनी मोटार : एक जिवंत यंत्र

जुनी वस्तू जतन करावयाची म्हणजे ती काचेच्या कपाटात ठेवावयाची, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नाण्याला तो लागू पडेल. यंत्राला पडत नाही. मोटार नुसती उभी राहिली, तर टाकीतील पेट्रोलचे हलके अंश उडून जाऊन राळेसारखा चिकट गाळ उरतो, रबरी नळ्यांना तडे जातात आणि ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून आतील लोखंडाला गंज चढविते. म्हणून जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार तिला चकचकीत रंग दिल्याने पुरा होत नाही. ती रस्त्यावर धावली म्हणजेच तो पुरा झाला.

उदाहरणादाखल एम. जी. टी. सी. ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार घेऊ. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ मध्ये ती इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या बाहेर पडल्या. दोनच आसने, तारांच्या आऱ्यांची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच, १२५० घन सेंटिमीटरचे आणि ५४ अश्वशक्तीचे इंजिन, असे तिचे स्वरूप आहे. बाहेरून पत्रा दिसत असला तरी तिच्या अंगाचा आतील सांगाडा ॲश वृक्षाच्या लाकडाचा असतो. त्यामुळे ती दुरुस्त करणाऱ्यास लोहारकामाबरोबर सुतारकामही यावे लागते.

अशी मोटार घेऊन आपण भोपाळच्या बिट्टन मार्केटमधून मोठ्या तलावाकाठच्या एखाद्या प्रदर्शनास निघालो आहोत, अशी कल्पना करू. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते व इंजिन तापताच तो परत ढकलावा लागतो. त्यातून भाजीच्या हाटाचा दिवस असेल, तर गर्दीत वेग अगदी कमी करून पहिल्या गिअरवर यावे लागते. वरच्या तीन गिअरांत चक्रांचे वेग आपोआप जुळविणारी योजना आहे; पहिल्यात ती नाही. म्हणून क्लच दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून इंजिनाला क्षणभर गती द्यावी आणि पुन्हा क्लच दाबून गिअर घालावा. वेग जुळले तर चक्रे निमूटपणे एकमेकांत बसतात. न जुळले तर दात करकरतात.

न्यू मार्केट आणि रोशनपुरा मागे टाकून श्यामला टेकडी चढली की तलावाचे विस्तीर्ण पाणी दिसू लागते. आता उतार. येथे पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर चाकांतील ब्रेकचे ढोल तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. म्हणून खालचा गिअर घालून इंजिनाच्या अवरोधानेच वेग आवरावा. आजच्या मोटारीत जी कामे यंत्र आपोआप करते, ती येथे चालकाच्या कानांनी, हातांनी आणि पायांनी करावी लागतात.

हा फेरफटका मात्र मनात येईल तेव्हा करता येत नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीस ‘व्ही. ए.’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. अशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास नाही.

गाडी अशा रीतीने टिकेल. पण ती जाणणारे हात टिकतील काय? आपल्याकडील जुन्या मिस्त्रींना ही विद्या परकी नव्हती. मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेरॉल्ड ही ब्रिटिश ट्रायम्फ हेरॉल्डचीच बहीण. आणि तिच्याच सांगाड्याचे आखूड रूप घेऊन १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स मोटार इंग्लंडात निघाली. झिजलेला भाग पुन्हा घडविता येतो, परंतु इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्याची कला पुस्तकातून पुरती उतरत नाही. ती गुरूपाशी बसूनच शिकावी लागते.

तेव्हा एखाद्या प्रदर्शनात अशी मोटार दिसली, तर तिच्या झगमगाटावरच आपण संतुष्ट राहू नये. मालकास विनंती करून तिचे झाकण उघडवावे, आणि शेजारी तेलकट फडके घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्रीस आपल्या शंका अवश्य विचाराव्यात.