मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

आपल्या समाजातील मुलेमुली आता शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. कुणाला राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळते, कुणाचे आईबाप कर्ज काढतात. विमानाचे तिकीट हाती आले की घरात गोंधळ उडतो. मुंबईहून रात्री १.३० ला निघणार, न्यूयॉर्कला सकाळी ७.३० ला पोहोचणार. म्हणजे अमेरिका अवघ्या सहा तासांवर?

तसे नाही. मुंबईचे सहार विमानतळ आणि न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ यांच्यात सुमारे १२,५०० किलोमीटर अंतर आहे. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. मध्ये न थांबणाऱ्या विमानालाही जायला १५ ते १६ तास लागतात. उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते विमानाला आडवे येतात, परतताना मदत करतात. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बोटीने. तेव्हा या प्रवासाला आठवडे लागत.

मग ते सहा तास कुठून आले? तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तिथे सकाळचे ७.३० वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा झाला.

भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. मुलांनी शाळेतील पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहावा. तो रशिया, नॉर्वे, आइसलंड असा उत्तरेकडून जाईल. जवळची वाट तीच. मात्र एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा वेळ वाढला.

आता घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असे असेल तर १४ तारखेलाच रात्री विमानतळावर हजर राहायचे आहे. एका दिवसाची चूक झाली तर विमान जाते आणि तिकिटाचे पैसेही बुडू शकतात. न्यूयॉर्क परिसरात केनेडी, नेवार्क आणि लाग्वार्डिया अशी तीन मोठी विमानतळे आहेत. पुढे दुसरे विमान धरायचे असेल तर ते कुठून सुटते, हे आधी पाहावे. मध्ये थांबा असेल तर तोही वेळ हिशेबात धरावा.

आणि मूल पोहोचल्यावर आईने फोन रात्री ९ वाजता करावा. तिथे तेव्हा सकाळ असते. आपल्या सकाळी ९ ला केला, तर लेकराची झोपमोड होईल!