गिधाडांची नजर आणि माळढोकाची मान

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट प्रयोगशाळेत खरी निघाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी रूक जातीच्या कावळ्यांपुढे अर्धवट भरलेली नळी ठेवली. आत पाण्यावर तरंगणारी अळी, शेजारी खडे. कावळ्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, शिवाय मोठ्या खड्यांनी काम लवकर होतं हेही हेरलं. २०१६ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या गेल्या, तेव्हा कावळे आणि पोपट यांच्या अग्रमेंदूत तेवढ्याच वजनाच्या माकडमेंदूपेक्षा जास्त पेशी दाटीनं बसल्याचं दिसलं.

हे वाचायला छान वाटतं, पण त्यात एक गोम आहे. ज्या हुशारीत आपल्याला आपलाच चेहरा दिसतो, तिचंच कौतुक आपण करतो. रानपाखरांचं शहाणपण बहुधा वेगळ्या जातीचं असतं. ते एखाद्या भूमीशी, तिथल्या शेजाऱ्यांशी, तिथल्या धोक्यांशी बेतलेलं असतं. भूमी बदलली की कधीकधी तेच त्यांच्या जिवावर उठतं.

शेजाऱ्यांना ओळखण्यात कोतवालाचा हात धरणारा पक्षी विरळा. आपल्या शेतातल्या काळ्या कोतवालाच्या झाडावर हळद्या, होले निर्धास्त घरटी करतात, कारण तो शिकऱ्यालाही पिटाळून लावतो. त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद मात्र या विश्वासाचा पुरेपूर फायदा घेतो. कालाहारी वाळवंटात संशोधक टॉम फ्लॉवर यांनी त्याचा माग घेतला. हा पठ्ठ्या शत्रू आला की खरी हाक देतो, सगळे पळतात, वाचतात. मग मुंगसासारख्या एखाद्या मीरकॅटला गलेलठ्ठ किडा सापडला की खोटीच हाक देतो; मीरकॅट पळतो, किडा याचा. जवळपास पाव हिस्सा अन्न तो असं ढापतो. तीच थाप वारंवार चालेना झाली, तर दुसऱ्या पक्ष्याच्या इशाऱ्याची नक्कल करतो. लबाडी खपावी म्हणून बहुतेक वेळा खरं बोलायचं, हे गणित राजकारण न शिकता त्याला जमलंय.

गिधाडांचं गणित यापेक्षा साधं, आणि म्हणूनच घातक ठरलं. आपली गिधाडं वासावर जात नाहीत. आभाळात एकमेकांपासून दूरदूर घिरट्या घालताना प्रत्येक गिधाड खाली बघतं, तसंच शेजाऱ्याकडेही बघतं. एक खाली झेपावलं की त्याच्याकडे बघणारं दुसरं वळतं, त्याच्याकडे बघणारं तिसरं. बघता बघता मैलोगणती आभाळ एका मेलेल्या बैलाभोवती गोळा होतं. गावोगावच्या ढोरफोडीच्या जागा याच नजरेच्या जाळ्यामुळे काही तासांत साफ होत.

आता त्या बैलाला मरण्याआधी डायक्लोफिनॅक टोचलेलं असेल तर? ढोराच्या वेदना कमी करणारं हे स्वस्त औषध गिधाडाची मूत्रपिंडं निकामी करतं. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पुटं चढतात. शंभरात एकापेक्षाही कमी मढी अशी विषारी असली तरी सगळी घसरण घडू शकते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. कारण उघड आहे: एका मढ्यावर एक गिधाड जेवत नाही, पंगत बसते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून हे कोडं सोडवलं, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. तसंच घातक किटोप्रोफेन २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाताशी असताना एवढा वेळ लागावा, हे मला आजही पटत नाही.

या विलंबाची किंमत माणसांनीही मोजली. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यात मृतदेहांवर गिधाडांऐवजी आरशांनी ऊन एकवटायची वेळ आली. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात मढी साफ करायला गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले.

माळढोकाचं दुखणं डोळ्यांत आहे. उघड्या माळावर कोल्हा कुठूनही येऊ शकतो, म्हणून डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. बाजूचं भरपूर दिसतं, समोरचं जेमतेम. त्याच्या आफ्रिकी नातलगावर झालेल्या अभ्यासात दिसलं, की उडताना खालची जमीन न्याहाळायला मान जराशी झुकवली की पुढचं दिसेनासंच होतं. हजारो वर्षं माळाच्या आभाळात धडकण्यासारखं काही नव्हतंच. आता जैसलमेरच्या वाळवंटात विजेच्या तारा आहेत, आणि एवढ्या जड पक्ष्याला आयत्या वेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. आपल्याकडे नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, पण सोलापूरच्या माळाला ऊस येऊन भिडला. सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलं की गवताळ रान संपतं. तिथं हौसेनं झाडं लावणारेही माळढोकाचं भलं करत नाहीत.

धनेशाची तऱ्हा उलटी. त्याला म्हातारं झाडच लागतं. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते, आणि नर महिनोन् महिने तिथून फळं भरवतो. पुढच्या वर्षी बहुधा तीच ढोली. कोकणात खासगी जंगलाची तोड झाली, तर हा घरंदाजपणा अंगाशी येतो. देवरायांमधल्या बेहड्यांनी आजवर त्याला तारलं.

एकाच जागी गर्दी करण्याची खोड मात्र एकदा उलट्या बाजूनं उपयोगी पडली. सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, नागालँडात दोयांग जलाशयाकाठी प्रचंड संख्येनं उतरतात आणि वाळवी खाऊन चरबी साठवतात. २०१२ मध्ये पांगती गावात मासेमारीची जाळी झाडांमध्ये टांगून त्यांची बेसुमार कत्तल होत असल्याचं उघड झालं. गावसभा, चर्च, वनखातं, संस्था सगळे बसले. सगळी पाखरं एकाच जागी उतरत असल्यानं तिथलं एकमत पुरेसं ठरलं; २०१३ मध्ये जाळी टांगलीच गेली नाहीत. त्याच वर्षी उपग्रहयंत्रं बसवलेले ससाणे दोयांगहून निघाले, भारत ओलांडून अरबी समुद्रावर गेले आणि न थांबता आफ्रिकेत पोचले.

गिधाडांच्या बाबतीत एवढ्या लवकर काही घडणार नाही. अमूर ससाण्याची मादी एका हंगामात तीन-चार अंडी घालते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच, तेही वयाची चार-पाच वर्षं उलटल्यावर. पिंजोरच्या गिधाड-पैदास केंद्रात वाढलेली काही गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. त्यांना अन्न शोधायचं ते इतरांकडे बघून, आणि तिथल्या आभाळात बघण्याजोगी गिधाडं अजून थोडीच आहेत.