फिटची वाट

सकाळी 7.30. नेरूळ स्टेशनवरून चालत रुग्णालयात. रात्रपाळीवालीला पहिला प्रश्न: "आली का?" म्हणजे फिट. "नाही गं." दोघींची तोंडं पडतात. घरच्यांनी देव पाण्यात घातलेत ती येऊ नये म्हणून, आणि आम्ही व्हिडिओ-ईईजीवाल्या तिच्याच वाटेवर डोळे लावून.

8.00. बाई उरणची, वय 34. रात्रभर जागवलेली. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, की अपस्मार औषधांना दाद देत नाही असं धरतात. दर तिघांत साधारण एकाचं असं होतं. हिची चौथी गोळी. डॉक्टरांनी तीही मुद्दाम कमी केलीय.

9.00. दोन इलेक्ट्रोड सुटलेत. खोबरेल! नको सांगूनही सासूबाईंनी चोपडलंच होतं. पुसून, पेस्ट भरून कोलोडियनने पुन्हा चिकटवते. कोलोडियनच्या वासामुळे घरी माझी लेक जवळ येत नाही.

11.00. नवरा उरण लोकलने आला. "सिस्टर, आम्ही कांदा हुंगवतो, कधी चप्पल. गुण येतो." झटका दीड-दोन मिनिटांत आपणच थांबतो, श्रेय चपलेला. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही कोंबू नका, एवढंच सांगते.

2.40. डबा अर्धाच झालाय. बाईने बटण दाबलं: "पोटातून गोळा वर येतोय." धावले. नजर थिजलेली, ओठांची चपचप. उजवा हात चादर चिवडतोय, डावा आखडून वाकडा. "नाव सांगा!" उत्तर नाही. "मोगरा. शब्द लक्षात ठेवा." थांबल्यावर तिने उजव्या हाताने नाक पुसलं. ही इवलीशी खूण मला फार आवडते: झटका मेंदूच्या ज्या बाजूचा, बहुधा त्याच बाजूचा हात नाकाकडे जातो. मोगरा? आठवत नाही.

3.30. रेकॉर्डिंग. उजव्या कानशिलाच्या तारांवर सेकंदाला पाच-सहा लाटांची लय, हळूहळू पसरत गेलेली. एमआरआयमध्येही उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, पांढुरका. चेतापेशी मेल्या, जागी व्रण. आठवणी साठवणाराच हा भाग. दोन्ही पुरावे एकाच जागी बोट ठेवतात, तेव्हा शस्त्रक्रियेचं बोलता येतं. कॅनडातल्या 80 रुग्णांच्या चाचणीत (2001) वर्षभराने भान हरपणाऱ्या झटक्यांतून शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के सुटले, नुसत्या औषधांवर 8.

5.00. "आली ना एकदाची? मग घरी?" नवरा विचारतो. डॉक्टरांना आणखी दोन तरी हव्यात, हे सांगणं माझ्याकडेच येतं. तो गप्प. बाईच म्हणते, "पत्ते आणलेत ना? रात्री जागायचंय."