पागोळीचे पाणी

माण, खटाव, आटपाडी, जत हा आपला कमी पावसाचा मुलूख. महाबळेश्वरही सातारा जिल्ह्यातच. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सह्याद्री ढग अडवतो. उरलासुरला पाऊस आपल्या वाट्याला येतो.

मग तोही वाहून जाऊ द्यायचा का? चला, हिशेब करू.

घराचे छप्पर ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद. म्हणजे ३० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. वर्षात ४०० मिलिमीटर पडला तर १२,००० लिटर! त्यातले काही सांडेल, काही आटेल. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर धरा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांना ३,००० लिटर लागेल. तेवढी टाकी बांधा.

पत्र्याला किंवा कौलाला पन्हळ लावा. पावसाळ्याआधी छप्पर झाडा. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडा. त्यात धूळ, पाखरांची घाण असते. पुढचे पाणी वाळू-खडीतून गाळून टाकीत घ्या. झाकण घट्ट ठेवा, नाहीतर डास होतात. तोटी लावा, आत भांडे बुडवू नका. पाणी उकळून प्या.

आपल्याकडे परतीचा पाऊस मोठा. त्याने टाकी भरली की तोटी बंद. ती उन्हाळ्यातच उघडायची.

आम्ही हेडमास्तर होतो तेव्हा उन्हाळ्यात मुलींची हजेरी गळायची. पोरी हंडा घेऊन पाण्याला जायच्या. दारात टाकी असेल तर पोरगी शाळेत दिसेल.